मणक्याच्या संधिवातात सुजेमुळे हाड का वाढतं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अँकायलोझिंग स्पॉन्डिलायटिस, थोडक्यात एएस, असं निदान झालेल्यांना बहुधा दोन गोष्टी एकाच दमात सांगितल्या जातात: मणक्यांना सूज आहे आणि मणक्यांमध्ये हाड वाढतंय. या दोहोंचा एकमेकांशी संबंध काय, हे मात्र सांगायचं राहून जातं. औषध का चालू ठेवायचं, दुखणं थांबलं तरी तपासणी का करायची, कॅल्शियम घ्यायचं की नाही, असे पुढचे सगळे प्रश्न त्या संबंधावरच अवलंबून असतात. औषधाचा निर्णय तुमच्या संधिवाततज्ज्ञांचाच. त्यामागचं कारण इथे समजून घेऊ.

स्पॉन्डिलोसिस आणि स्पॉन्डिलायटिस एकच ना?

नाही, आणि ही गल्लत महागात पडते. स्पॉन्डिलोसिस म्हणजे वयोमानाने मणक्यांची आणि मधल्या चकत्यांची होणारी झीज. पन्नाशीनंतर एक्स-रे काढला तर ती थोडीफार बहुतेकांच्या पाठीत सापडतेच. एएसच्या मुळाशी झीज नसते, शरीराच्या प्रतिकारशक्तीने घातलेला गोंधळ असतो. हा आजार बहुधा विशी-तिशीत सुरू होतो. पंचेचाळिशीनंतर पहिल्यांदाच सुरू झाला, असं क्वचित घडतं.

दोन्हींत दुखण्याची तऱ्हा उलटी असते. झिजेचं दुखणं कामाने वाढतं आणि आडवं पडलं की निवतं. सुजेचं दुखणं आरामाने वाढतं. पहाटे तीन-चारला कंबरेच्या ठणक्याने जाग येते, कूस बदलवत नाही. सकाळी एका अंगावर वळून, कोपराने रेटा देत उठावं लागतं आणि अर्धा-पाऊण तास हालचाल केल्यावर कुठे पाठ सैल होते. वय कमी असेल आणि असं तीन महिन्यांहून जास्त चाललं असेल, तर 'मणक्यात गॅप आहे' एवढ्या उत्तरावर थांबू नका. या आजाराचं निदान व्हायला जगभर कित्येक वर्षं लागतात, आणि ती वर्षंच सगळ्यात मोलाची असतात. का, ते पुढे येईलच.

पाठ तर वरून नेहमीसारखीच दिसते. मग सूज आहे कुठे?

आत, हाडाच्या मगजात आणि हाडाच्या कडांवर. सुरुवात बहुतेकदा कमरेच्या खाली होते, त्रिकास्थी आणि कटीची हाडं जिथे जुळतात त्या दोन सांध्यांत. डॉक्टर त्यांना एसआय जॉइंट म्हणतात. दुखणं नितंबात जाणवतं, कधी उजव्या बाजूला तर कधी डाव्या, म्हणून कित्येकांवर आधी सायटिकाचेच उपचार होतात.

तिथून वर मणक्यांत या सुजेची एक आवडती जागा आहे: कंडरा आणि अस्थिबंध, म्हणजे स्नायू आणि हाडं बांधून ठेवणारे दोर, हाडात जिथे रोवलेले असतात ती. तिला एन्थेसिस म्हणतात. मणक्याच्या वरच्या आणि खालच्या कोपऱ्यांना चकतीचे बाहेरचे धागे असेच रोवलेले असतात. बरगड्या मणक्याला जुळतात तिथेही सूज येते, म्हणून काहींना खोल श्वास घेताना किंवा शिंकताना छातीत कळ येते. टाचेच्या मागे, पायाची जाड कंडरा हाडाला चिकटते तिथेही हाच प्रकार होतो. एएसच्या रुग्णाची जुनी टाचदुखी हा वेगळा आजार नसतो, बऱ्याचदा ती याच आजाराची एक शाखा असते.

प्रतिकारशक्ती नेमकी तिथेच का बिथरते?

पूर्ण उत्तर अजून कुणाकडे नाही, पण तुकडे बरेच हाती आले आहेत.

पहिला तुकडा अनुवंशिकतेचा. एचएलए-बी२७ या जनुकाचा आणि एएसचा संबंध १९७३ साली समोर आला. एएसच्या रुग्णांपैकी साधारण ८० ते ९० टक्के जणांमध्ये, काही लोकसमूहांत त्याहून कमी जणांमध्ये, हे जनुक सापडतं. उलट बाजूने पाहिलं तर चित्र अगदी वेगळं: बी२७ असलेल्या शंभर जणांपैकी पाचेक जणांनाच आजार होतो, बाकीचे आयुष्यभर ठणठणीत राहतात. म्हणून नुसता बी२७ पॉझिटिव्ह आला म्हणून धास्तावू नका आणि निगेटिव्ह आला म्हणून निर्धास्तही राहू नका.

दुसरा तुकडा ताणाचा. एन्थेसिस ही शरीरात सतत ओढ सोसणारी जागा आहे. या ओढीने तिथल्या पेशी प्रोस्टाग्लँडिनसारखी द्रव्यं सोडतात, रक्तवाहिन्या रुंदावतात आणि संरक्षक पेशींना वाट मोकळी होते. निरोगी माणसात हे प्रकरण तिथेच मिटतं. एएसमध्ये ते मिटत नाही.

तिसरा तुकडा आतड्याचा. एएस असलेल्या सुमारे निम्म्या लोकांच्या आतड्यात, पोटाची काही तक्रार नसतानाही, सूक्ष्मदर्शकाखाली सूज दिसते. आतड्यात जाग्या झालेल्या पेशी पाठीपर्यंत पोचतात का, यावर अजून संशोधन चालू आहे.

या सगळ्यातून टीएनएफ, आयएल-१७, आयएल-२३ या संदेशवाहक प्रथिनांचा पूर येतो. २०१२ साली उंदरांवर झालेल्या एका प्रयोगात शरीरात आयएल-२३ वाढवल्याबरोबर एन्थेसिसला सूज आली आणि तिथे नवं हाडही तयार झालं. या प्रथिनाला प्रतिसाद देणाऱ्या पेशी तिथे आधीपासून मुक्कामालाच होत्या.

बरं, सुजेतून हाड तयार होतं म्हणजे नेमकं काय होतं?

हाड ही कायम बांधकाम चालू असलेली जागा आहे. ऑस्टिओक्लास्ट पेशी पाडकाम करतात, ऑस्टिओब्लास्ट गवंडीकाम, आणि एरवी दोघींचा हिशेब जुळतो. सूज आली की तो दोन वेगवेगळ्या टप्प्यांवर, दोन विरुद्ध दिशांनी बिघडतो.

आधी पाडकाम वाढतं. टीएनएफसारखी प्रथिनं ऑस्टिओक्लास्टना चेव आणतात आणि मणक्याचा कोपरा कुरतडला जातो. मणका बाजूने पाहिला तर पुढची कड एरवी किंचित आत वळलेली असते. कोपरे झिजल्यावर आणि त्या खोलगट भागावर नवं हाड चढल्यावर ती सरळ होते आणि एक्स-रेवर मणका चौकोनी दिसू लागतो.

मग दुरुस्ती सुरू होते. कुरतडलेल्या जागी आधी रक्तवाहिन्यांनी भरलेली मऊ ऊती येते, काही काळाने तिच्या जागी चरबी दिसू लागते. आसपासच्या मूळ पेशींना बीएमपी आणि डब्ल्यूएनटी नावाच्या संदेशयंत्रणांकडून 'हाड बांधा' असा निरोप जातो. काही ठिकाणी आधी कूर्चा तयार होऊन तिचं हाड होतं, तर काही ठिकाणी मधली पायरी गाळून थेट हाडच बनतं. पोटात बाळाची हाडं घडतात तीही याच दोन रीतींनी. म्हणजे इथे वापरली जाणारी कृती शरीराची जुनीच आहे. फक्त जागा चुकली आहे आणि थांबण्याची खूण हरवली आहे.

हे हाड चकतीच्या बाहेरच्या धाग्यांमधून उभं चढतं. वरच्या मणक्याच्या खालच्या कोपऱ्यातून एक बारीक काटा खाली येतो, खालच्या मणक्यातून एक वर जातो, आणि दोन्ही भेटले की पूल तयार होतो. या काट्याला सिंडेस्मोफाइट म्हणतात. असे पूल ओळीने झाले की एक्स-रेवर कणा पेरापेरांचा दिसतो, त्यालाच बांबू स्पाइन म्हणतात. मागचे छोटे सांधेही जुळत गेले की वाकणं, वळणं, मान फिरवणं हळूहळू कमी होतं.

दुसऱ्या संधिवातात तर सांधे झिजतात. मग इथेच हाड का वाढतं?

हा प्रश्न संशोधकांनाही बराच काळ छळत होता. हाताच्या बोटांना वाकडं करणाऱ्या ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसमध्येही टीएनएफ भरपूर असतं, तरी तिथे हाड फक्त कुरतडलं जातं, भरून येत नाही.

उत्तराचा एक मोठा भाग डीकेके-१ या प्रथिनाने दिला. ते डब्ल्यूएनटीचा निरोप अडवतं, म्हणजे गवंडीकाम थांबवतं. टीएनएफ वाढलं की डीकेके-१ ही वाढतं. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात सांधे झिजणाऱ्या उंदरांमध्ये डीकेके-१ अडवलं, तेव्हा झीज थांबली आणि सांध्याच्या कडेला उलट नवं हाड उगवू लागलं. आजार तोच, उंदीर तेच, पण एका प्रथिनाला आवर घातल्याबरोबर निकाल फिरला. एएसच्या रुग्णांमध्ये हाडबांधणीवरचे असे लगाम सैल असावेत असं दिसतं. स्क्लेरोस्टिन नावाचं दुसरं लगामी प्रथिन त्यांच्या रक्तात कमी आढळल्याचे अभ्यास आहेत.

जागेचाही फरक आहे. ऱ्हुमॅटॉइडची सूज सांध्याच्या आतल्या अस्तरात ठाण मांडते आणि सहसा मागे हटत नाही. एएसची सूज एन्थेसिसवर येते, ओसरते, पुन्हा येते. मधल्या प्रत्येक उसंतीत दुरुस्तीला वाव मिळतो.

म्हणजे सूज गेल्यावर हाड वाढतं? मग सूज घालवायची तरी कशाला?

या विषयातला सगळ्यात अवघड आणि सगळ्यात चुकीचा समजला गेलेला मुद्दा हाच आहे, म्हणून जरा सविस्तर.

एमआरआयची पाटी पाहताना तज्ज्ञ दोन प्रकारची चित्रं शेजारी ठेवतात. एका प्रकारात, ज्याला एसटीआयआर म्हणतात, पाणी पांढरं चमकतं. सुजलेल्या मगजात पाणी वाढलेलं असतं, म्हणून मणक्याचा सुजलेला कोपरा काळसर मणक्यावर पांढऱ्या त्रिकोणासारखा उठून दिसतो. दुसऱ्या प्रकारात, टी-वनमध्ये, चरबी उजळ दिसते. उपचारानंतर पुन्हा एमआरआय काढला की काही कोपऱ्यांतला पांढरा त्रिकोण पुसला गेलेला असतो आणि मागे काही उरलेलं नसतं. काहींमध्ये मात्र तो पहिल्या चित्रातून जातो आणि दुसऱ्या चित्रात त्याच जागी चरबीचा उजळ डाग दिसतो. पुढे एक्स-रेवर काटा उगवतो तो जास्त करून या दुसऱ्या प्रकारच्या कोपऱ्यांतून.

यावरून 'टीएनएफ ब्रेक' नावाचं गृहीतक मांडलं गेलं. सूज ताजी असेल आणि तेव्हाच विझवली तर कोपरा स्वच्छ भरून येतो. सूज जुनी होऊन दुरुस्तीची साखळी सुरू झालेली असेल, तर टीएनएफ कमी केल्यावर डीकेके-१ चा लगामही सुटतो आणि सुरू झालेलं बांधकाम पुरं होतं. टीएनएफरोधक औषधांनी रुग्णांना इतका आराम पडूनही पहिल्या दोन वर्षांच्या एक्स-रेंमध्ये हाडाची वाढ मंदावलेली का दिसली नाही, याचं हे पटण्याजोगं स्पष्टीकरण होतं.

इथे काही जण घाईने निष्कर्ष काढतात की औषधानेच हाड वाढतं, तेव्हा ते नकोच. हा निष्कर्ष चूक आहे. पुढे जास्त वर्षांचे अभ्यास आले तेव्हा चित्र पालटलं. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या ३३४ रुग्णांच्या अभ्यासात टीएनएफरोधक घेणाऱ्यांमध्ये हाडाची वाढ होण्याची शक्यता सुमारे निम्म्याने कमी होती. ज्यांनी औषध उशिरा सुरू केलं त्यांना फायदा कमी होता. जुन्या जखमांचं बांधकाम पुरं होईतो काही काळ जातो, पण नव्या जखमाच होत नसल्याने पुढचं बांधकाम टळतं. माझ्या मते या सगळ्याचा अर्थ एकच निघतो: सूज जुनी व्हायच्या आत तिला गाठायचं.

एक गोष्ट मात्र या सुटसुटीत कहाणीत बसत नाही. सुजलेल्या बहुतेक कोपऱ्यांतून काटा उगवत नाही, आणि एमआरआयवर सूज दिसलीच नव्हती अशा काही कोपऱ्यांतून उगवतो. दोन एमआरआयच्या मधल्या काळात सूज येऊन गेली असेल, किंवा सुजेशिवायही हाड वाढण्याची एखादी वाट असेल. तो वाद मिटलेला नाही.

एक्स-रे रिपोर्टमध्ये 'हाड वाढलंय' लिहिलंय. म्हणजे एएसच का?

मुळीच नाही. झिजेमुळे येणारं हाड, म्हणजे ऑस्टिओफाइट, मणक्याच्या कडेतून आडवं बाहेर येतं आणि चोचीसारखं वळतं. एएसचा सिंडेस्मोफाइट बारीक असतो आणि उभा चढतो. तिसरा प्रकार डिश नावाच्या विकाराचा. त्यात पाठीच्या मधल्या भागात, बहुधा उजव्या बाजूने, चार किंवा अधिक मणक्यांवरून जाड हाड ओघळल्यासारखं दिसतं. चकत्या बऱ्यापैकी शाबूत असतात आणि एसआय जॉइंट जुळून गेलेले नसतात. हा विकार उतारवयात होतो आणि मधुमेह व लठ्ठपणाशी त्याचा संबंध आहे. ही गल्लत जाणकारांचीही होते. इजिप्तचा फॅरो दुसरा रामसेस याच्या ममीत एएस असल्याचं अनेक वर्षं सांगितलं जायचं. २०१४ साली सीटी स्कॅनच्या आधारे तो डिश असल्याचं मांडलं गेलं.

माझाही कणा बांबूसारखा होणार का?

बहुतेकांचा होत नाही. वाढ मोजायला एमसॅस नावाची गुणपद्धत आहे. मानेच्या आणि कमरेच्या मणक्यांचे पुढचे २४ कोपरे पाहायचे, प्रत्येकाला ० ते ३ गुण द्यायचे. कुरतडलेला किंवा चौकोनी झालेला कोपरा १, काटा २, पूल ३. जास्तीत जास्त ७२. सरासरी पाहिली तर वर्षाला एखादा गुण वाढतो, पण ही सरासरी फसवी आहे, कारण अनेकांचा आकडा वर्षानुवर्षं जागचा हलत नाही आणि थोड्यांचा झपाट्याने चढतो.

झपाट्याने चढणाऱ्यांत कोण असतात, हे बऱ्यापैकी ठाऊक आहे. आधीच काटे असलेले, सीआरपी (रक्तातला सूज दाखवणारा आकडा) सतत चढा राहणारे, पुरुष आणि धूम्रपान करणारे. आधीचे काटे ही यातली सगळ्यात ठळक खूण. स्त्रियांमध्ये पूल कमी होतात, मात्र दुखणं आणि थकवा तितकाच असतो. त्यांचं निदान लांबण्याचं हेही एक कारण आहे.

सिगारेटचा आणि हाडाचा काय संबंध?

धूम्रपान करणाऱ्यांमध्ये सूजही जास्त आणि हाडाची वाढही जास्त, असं पुन्हा पुन्हा दिसलं आहे. धोक्याच्या या यादीतली तुमच्या हातात असलेली हीच मोठी गोष्ट आहे. सोडा.

दुखणं थांबलं. औषध बंद करू का?

स्वतःच्या मनाने नको. दुखणं थांबण्याची कारणं दोन असू शकतात. एक म्हणजे सूज ताब्यात आली. दुसरं, तो भाग जुळून गेला आणि हलतच नाही म्हणून दुखत नाही. बरेच जण सांगतात की काही वर्षं कंबर खूप दुखायची, मग आपोआप थांबली, फक्त आता बूट घालताना वाकता येत नाही. ते बरं होणं नव्हतं. म्हणून डॉक्टर दुखण्याबरोबर सीआरपी पाहतात, तुम्हाला पुढे वाकायला लावून कंबर किती ताणली जाते ते टेपने मोजतात, भिंतीला टेकून उभं केल्यावर डोकं भिंतीला लागतं का ते बघतात. उत्तम आराम पडून बराच काळ लोटला असेल तर काहींना औषधाची मात्रा कमी करता येते किंवा दोन डोसांमधलं अंतर वाढवता येतं. पण ते ठरवून, लक्ष ठेवून करायचं काम आहे.

वाढलेलं हाड औषधाने, मालिशने किंवा काढ्याने विरघळतं का?

नाही. तयार झालेलं हाड विरघळवणारं कोणतंही औषध आज नाही. तसा दावा करणाऱ्यापासून लांब राहिलेलं बरं. जुळलेल्या मानेला किंवा पाठीला झटका देऊन 'मोकळं' करण्याचे प्रकार तर थेट धोक्याचे आहेत, असा कणा मोडू शकतो. काटे खरवडून काढायची शस्त्रक्रियाही करत नाहीत. शस्त्रक्रिया लागते ती खुब्याचा सांधा निकामी झाला तर, किंवा पाठ इतकी वाकली की समोरचं दिसेनासं झालं तर. खुब्याच्या सांधेबदलाने अशा रुग्णांच्या चालण्यात मोठा फरक पडतो.

मग सध्याची औषधं हाडाची वाढ रोखतात की नाही?

काही अंशी रोखतात असं म्हणता येतं, पण हमी देता येत नाही.

पहिली पायरी वेदनाशामक गोळ्यांची, म्हणजे एनएसएआयडी गटाची. या गोळ्या प्रोस्टाग्लँडिन कमी करतात, आणि प्रोस्टाग्लँडिन हाडबांधणीलाही चालना देतं, म्हणून अपेक्षा मोठी होती. २००५ साली आलेल्या चाचणीत सेलेकॉक्सिब दोन वर्षं सलग घेणाऱ्यांमध्ये गरजेपुरतं घेणाऱ्यांपेक्षा वाढ कमी दिसली. २०१६ साली डायक्लोफेनॅकची तशीच चाचणी झाली, तिच्यात फायदा दिसला नाही. त्यामुळे दुखत नसताना निव्वळ हाडासाठी या गोळ्या रोज घ्याव्यात असं सरसकट सांगता येत नाही. जठर, मूत्रपिंड आणि हृदयाला त्याची किंमत मोजावी लागते.

गोळ्यांनी भागलं नाही तर टीएनएफरोधक किंवा आयएल-१७ रोधक इंजेक्शनं, नाहीतर जेएके गटाच्या गोळ्या. सेक्युकिनुमॅब (आयएल-१७ रोधक) आणि अ‍ॅडालिमुमॅब (टीएनएफरोधक) यांची समोरासमोर दोन वर्षं तुलना झाली तेव्हा हाडाच्या वाढीत फरक आढळला नाही, आणि दोन्हीकडे सुमारे दोन तृतीयांश लोकांमध्ये वाढ झालीच नाही.

गंमत म्हणजे, उंदरांत सगळा खेळ सुरू करणारं आयएल-२३ माणसात अडवून पाहिलं तर पाठीच्या आजारात उपयोग झाला नाही, सोरायसिसवर मात्र तीच औषधं उत्तम चालतात.

स्टेरॉइड आणि मेथोट्रेक्सेट?

पाठीसाठी दोन्ही नाहीत. मेथोट्रेक्सेटचा मणक्यांवर परिणाम होत नाही. पोटातून दीर्घकाळ घेतलेलं स्टेरॉइड हाडं ठिसूळ करतं, आणि ती या आजारात आधीच ठिसूळ असतात.

ठिसूळ? हाड वाढतंय म्हणालात ना?

दोन्ही एकाच मणक्यात चालतं. आतल्या जाळीदार भागात सुजेमुळे पाडकाम चालू राहतं, मणका आतून पोकळ होत जातो. बाहेरच्या कडेवर त्याच वेळी पूल बांधले जातात. आतून कमकुवत झालेल्या मणक्याला आधार म्हणून शरीर बाहेरून टेकू देतं, असंही एक मत आहे.

याचा व्यवहारातला परिणाम समजून घ्या. हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी कमरेच्या मणक्यांवर केली तर बाहेरचे पूलही मोजले जातात आणि आकडा खोटाच चांगला येतो. म्हणून पूल झालेल्या रुग्णात खुब्याचा आकडा पाहायला हवा. रिपोर्ट हातात आला की कोणत्या जागेचा आकडा आहे ते नजरेखालून घाला.

मग कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व बंद करू का? हाड आणखी वाढेल ना?

नाही वाढणार. पूल बांधायचा निरोप सुजेच्या साखळीतून येतो, रक्तातल्या कॅल्शियममुळे नाही. उलट ते कमी पडलं तर आतला ठिसूळपणा वाढेल. डॉक्टरांनी दिलं असेल तर चालू ठेवा.

ताणाने सूज येते म्हणता, मग व्यायामाने हाड वाढणार नाही का?

शंका रास्त आहे. २०१४ सालच्या एका प्रयोगात उंदरांचे मागचे पाय जमिनीला टेकू दिले नाहीत, तर तिथे सूज आणि नवं हाड दोन्ही कमी झालं. माणसांमध्येही वर्षानुवर्षं अंगमेहनतीचं जड काम करणाऱ्यांत सुजेचा परिणाम हाडावर जास्त उमटतो असं दिसलं आहे.

पण उंदराच्या पायावरून माणसाला अंथरुणाला खिळवायचं, हा तर्क टिकणारा नाही. व्यायामाने दुखणं कमी होतं, छाती नीट फुगते, पाठीची लवचीकता राहते, हे माणसांवरच्याच चाचण्यांतून दिसलं आहे आणि उपचाराच्या सर्व मार्गदर्शक सूचनांत व्यायाम पहिल्या रांगेत आहे. शिवाय कणा पुढे जुळणारच असेल तर तो सरळ अवस्थेत जुळावा की वाकलेल्या, हे बरंचसं रोजच्या ताणाच्या व्यायामांवर आणि बसण्या-झोपण्याच्या ढबीवर ठरतं. पोहणं, चालणं, पाठ मागे ताणणारे व्यायाम, खोल श्वास हे चांगलं. कणा काही प्रमाणात जुळलेला असेल तर धक्काबुक्कीचे खेळ आणि पडण्याचा धोका असलेले प्रकार टाळा.

दर वर्षी एमआरआय काढावा का?

सहसा गरज नसते. एक्स-रेवर फरक दिसायला निदान दोन वर्षं लागतात, त्याआधी तो काढून हाती काही लागत नाही. एमआरआय निदानाच्या वेळी उपयोगी, आणि दुखणं सुजेचं की आणखी कशाचं असा प्रश्न पडला तर. 'तुमचं हाड किती वेगाने वाढेल' हे सांगणारी रक्ततपासणी अजून नाही. त्यातल्या त्यात सीआरपी कामाचा, तोही काही रुग्णांत सूज असूनही नॉर्मल राहतो.

माझ्या मुलांना हा आजार होईल का?

आई-वडिलांपैकी एकाकडे बी२७ ची एक प्रत असेल तर मुलात ते उतरण्याची शक्यता निम्मी. उतरलं तरी आजार होईलच असं नाही, मात्र घरात रुग्ण असल्यास धोका इतर बी२७ धारकांपेक्षा जास्त असतो. तक्रार नसलेल्या मुलाची रक्ततपासणी करून घेण्यात फारसा अर्थ नाही. विशीच्या आसपास पहाटेची कंबरदुखी, टाचदुखी किंवा एका डोळ्याची लाली सुरू झाली तर वेळ न घालवता संधिवाततज्ज्ञांना दाखवा.

तातडीने कधी धावायचं?

डोळा लाल झाला, दुखतो आणि उजेड सहन होत नाही, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जा. एएसच्या चारेक रुग्णांपैकी एकाला कधी ना कधी डोळ्याच्या आतली ही सूज येते आणि ती थेंबांच्या औषधाने बहुधा आटोक्यात येते, पण उशीर नको.

लघवी किंवा शौचावरचा ताबा गेला, पायांतली ताकद अचानक कमी झाली, तर थेट रुग्णालय.

आणि कणा जुळलेला असेल तर साध्या पडण्यानंतरही, पाठीत किंवा मानेत नवं दुखणं सुरू झालं तर ते फ्रॅक्चर नाही असं सिद्ध होईपर्यंत फ्रॅक्चरच समजा. जुळलेला कणा लांब हाडासारखा आरपार मोडतो, बहुधा मानेच्या खालच्या भागात, आणि साध्या एक्स-रेवर ते निसटू शकतं. अशा वेळी सीटी किंवा एमआरआयचा आग्रह धरा. मदतीला आलेल्यांना आधी सांगा की तुम्हाला एएस आहे आणि मान पूर्वीपासून वाकलेली आहे. नेहमीप्रमाणे सपाट झोपवून मान सरळ करायला गेलं तर तुटलेल्या जागी मज्जारज्जूला इजा होऊ शकते. मान एरवी ज्या कोनात असते त्याच कोनात, खाली उशा किंवा घड्या घातलेल्या चादरींचा आधार देऊन न्यायला सांगा. ही सूचना लिहिलेलं कार्ड पाकिटात ठेवा आणि घरच्यांनाही सांगून ठेवा, कारण त्या क्षणी तुम्हाला बोलता येईलच असं नाही.